हिवाळी तेल

माझ्या हातांना गेली तीन वर्षं तळणाचा वास येतो. साबण लावून झाला, लिंबू चोळून झालं, गरम झऱ्याच्या पाण्यात तासभर हात बुडवून बसून झालं. वास जात नाही. आता मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलंय.

जपानच्या डोंगरातल्या आमच्या कामिनेसावा गावात चाळीस घरं आहेत. त्यातल्या एकतीस घरांत चूल पेटते, बाकीची बर्फाच्या वजनाने खाली बसण्याची वाट बघतायत. ज्या घरांत चूल पेटते ती सगळी तळणाचं उरलेलं तेल बाटलीत भरतात, बाटलीवर आपलं नाव लिहितात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या शेडच्या दारात ठेवून जातात. मी ते गाळतो, रसायन घालून त्याचं डिझेल करतो, धुतो, वाळवतो. त्या डिझेलवर आमची बस चालते. बस कसली, दहा माणसांची जुनी गाडी. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी ती घाट उतरून खालच्या शहरात डायलिसिसची माणसं नेते आणि दुपारनंतर परत आणते. पहिल्या वर्षी सहाजण जायचे, आता तीन उरलेत. एक्याऐंशी वर्षांचे ग्योसाकु आजोबा, पोस्टामागच्या किकुनोबाई आणि माझी बायको, तोमिए.

नगरपालिकेने सुरुवातीलाच सांगितलं होतं, गाडी आमची, चालक आमचा, पण इंधन गावाचं. इंधन बंद तर बस बंद. आणि बस बंद झाली की तोमिएला घर सोडून खाली शहरात राहायला जावं लागणार, कारण घाटातून आठवड्यात तीनदा गाडी हाकायला आता माझे डोळे साथ देत नाहीत. ज्या दिवशी डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं त्या दिवशी ती इस्पितळाच्या जिन्यात बसून रडली होती. "काहीही करा, पण मला माझ्या घरातून हलवू नका," म्हणाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लाकडाच्या गिरणीत बॉयलरवर काम केलेला माणूस, तेलातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण शिकलो.

उन्हाळ्यात हे तेल करणं म्हणजे पोरखेळ. खरी परीक्षा नोव्हेंबरपासून. थंडी पडली की तेल आधी धुरकट होतं, मग त्यात मेणासारखे कण धरतात आणि मग गाडीची जाळी गच्च होते. रॉकेल मिसळलं तर काम सोपं होईल, पण करखात्याची माणसं टाकीत नळी घालून तपासतात, आणि मिसळायला परवानगी लागते, ती आम्हाला कोण देणार? मग एकच उपाय. तयार तेल शेडच्या उत्तरेच्या बाजूला रुंद पिंपांत ओतायचं आणि दोन रात्री गारठू द्यायचं. जे थिजायचं ते थिजून तळाला बसतं. वरचं स्वच्छ तेल हलक्या हाताने काढून घ्यायचं, जाड फ्लॅनेलमधून गाळायचं, पुन्हा गारठवायचं, पुन्हा गाळायचं. दहा डब्यांतले चार हाती लागतात. उरलेलं उन्हाळ्यात ट्रॅक्टरला. हे सगळं उणे दहात, आणि हातमोजे घालून तोटी फिरवता येत नाही.

एवढ्यावर सुटका नाही. साठवलेलं तेल दुधासारखं नासतं, फक्त जरा उशिरा. हवा लागली की आंबूस वास मारायला लागतं, डिंकासारखं चिकट होतं. म्हणून डबे गळ्यापर्यंत भरायचे, पितळेची तोटी लावायची नाही, तीन महिन्यांवरचं तेल बसला घालायचं नाही. तयार डबे मी शेडमध्ये न ठेवता आमच्या घराच्या मातीच्या ओसरीत ठेवतो, चुलीच्या भिंतीला लागून. प्रत्येक खेपेतलं थोडं तेल काचेच्या बरणीत घालून ती बरणी उत्तरेच्या खिडकीबाहेर टांगतो. सकाळी बरणीतून पलीकडच्या पाटीवरचं अक्षर वाचता आलं, तर ती खेप पास.

मागच्या हिवाळ्यात मी एकदा आळस केला. अंग दुखत होतं, दुसऱ्यांदा गारठवलं नाही. बस बोगद्याच्या अलीकडे बंद पडली. नगरपालिकेच्या नागामिनेबाईंचं पत्र आलं. इतकं गोड पत्र, की मी तोमिएला दोनदा वाचून दाखवायला लावलं. 'आपल्या अथक परिश्रमांबद्दल आम्ही ऋणी आहोत' असं सुरू होऊन 'याच कारणाने पुन्हा अडचण उद्भवल्यास सेवेचा नव्याने विचार करावा लागेल' असं संपत होतं. म्हणजे काय ते एकतीस घरांतल्या मांजरांनाही कळलं.

त्यानंतर मी आळस केला नाही. यंदाच्या जानेवारीत तरीही, बुधवारी सकाळी साडेसातला, तामोत्सुचा फोन आला. तामोत्सु आमच्या बसचा चालक, पन्नाशीचा, सतत काहीतरी चघळणारा आणि बोलणारा. त्या दिवशी तो हळू बोलत होता.

"काका, गाडी गेली. तिसऱ्या वळणावर."

"गेली म्हणजे? दरीत?"

"नाही हो, तसं असतं तर फोन कोण करणार! बंद पडली. धापा टाकत टाकत गेली. तुमच्या तेलानेच."

मी उकळत्या पाण्याच्या पिशव्या भरल्या, गोधड्या घेतल्या आणि डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणत छोटा ट्रक काढला. पोचलो तेव्हा तिघं गाडीत एकाच बाकावर खेटून बसले होते. ग्योसाकु आजोबांच्या भुवयांवर दव गोठलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"आलास का रे तेलवाल्या! आज काय, तेलाऐवजी बर्फी भरलीस की काय टाकीत?"

"माफ करा, आजोबा."

"माफ काय करा? माझं रक्त धुवायचंय, ते इथंच धुतोस का?"

किकुनोबाई नुसत्या मान हलवत राहिल्या. तोमिए खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या मांडीवर गरम पिशवी ठेवली तर ती दचकली. चेहरा पांढराफटक. थंडीने असेल, असं मला वाटलं.

बर्फ काढणारी गाडी पन्नास मिनिटांनी आली आणि तिघांना खाली घेऊन गेली. मी आणि तामोत्सुने जाळी बदलली. जुनी जाळी उघडली तर आत गुळगुळीत पांढरा लगदा.

"काका, हे तेल आहे की खळ?" तामोत्सु म्हणाला. "पोस्टर चिकटवायला चालेल."

मी ती जाळी कागदात गुंडाळून घरी आणली आणि चुलीजवळ थाळीत ठेवली. थंडीने धरलेलं मेण ऊब लागली की पाच मिनिटांत वितळतं, तेल पुन्हा पिवळंधम्मक होतं. हे अर्धा तास झाला तरी तसंच. शेवटी थाळी उकळत्या पाण्यावर धरली, तेव्हा कुठे सुटलं. आणि थाळी खाली ठेवल्यावर दहा मिनिटांत पुन्हा थिजलं, वर बोट दाबलं तर ठसा उमटावा असं.

असं थिजणारी वस्तू मला माहीत होती. इकडे प्रत्येक घरात असते. तळण झालं की गरम तेलात पावडरचं पाकीट टाकायचं, ढवळायचं, आणि सकाळी कढईतून तेलाची वडी उचलून जळाऊ कचऱ्यात टाकायची. हात खराब होत नाहीत, मोरी तुंबत नाही. ही पावडर वापरू नका म्हणून मी तीन वर्षं कंठशोष करतोय. गावात फिरणाऱ्या सूचनाफळीवर दर महिन्याला माझा तोच कागद असतो आणि दर घर त्यावर निमूट शिक्का मारून फळी पुढे देतं. शिक्का मारला म्हणजे वाचलं, असं थोडंच आहे!

माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी घरोघर फिरलो. बाटल्यांवर नावं होतीच, उरलेल्या एकेक बाटलीतलं तेल गारठवून बघितलं होतं, त्यात काही सापडलं नव्हतं, तरी फिरलो. लोकांच्या दारात वाकून वाकून विचारत होतो आणि माझा आवाज मात्र पोलिसाचा होता. "चुकून पावडर पडली असेल का हो?" लोक वाकून नाही म्हणत होते, चहा देत होते. एका घरात आजींनी कपाटातली पाच वर्षं जुनी पाकिटं काढून माझ्यासमोर चुलीत टाकली आणि मग डोळे पुसले. तिथून निघताना मला माझीच लाज वाटली. तरी पुढच्या घरी गेलो.

गुरुवारी दुपारी दमून घरी आलो आणि शेडच्या खिडकीबाहेर नजर गेली. बुधवारी बसमध्ये गेलेल्या खेपेची बरणी अजून टांगलेली होती. उणे बारा होतं. पलीकडच्या पाटीवरचं अक्षर न अक्षर वाचता येत होतं.

मी बर्फात उभा राहिलो. तेल माझ्या हातून गेलं तेव्हा चांगलं होतं. बाटल्यांतून काही आलं असतं तर बरणीतही दिसलं असतं. म्हणजे जे काय पडलं ते डबे भरल्यानंतर पडलं. आणि भरलेले डबे एकाच जागी असतात, माझ्या ओसरीत. तिथून तामोत्सु बसच्या दिवशी पहाटे दोन डबे उचलतो आणि टाकीत ओततो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही एकतीस घरांचा.

तोमिए स्वयंपाकघरात बटाटे उकडत होती. तिला बटाट्यातला क्षार चालत नाही, म्हणून ती एकदा उकडून पाणी फेकते, पुन्हा उकडते, पुन्हा फेकते. शेवटी जे उरतं त्याला चव म्हणून नसते. मी दारात उभा राहिलो.

तिनेच पाणी ओतता ओतता विचारलं, "सापडलं?"

"सापडलं."

"मग बसा. उभे का?"

मी बसलो. तिने चूल बारीक केली, हात पुसले, समोर येऊन बसली.

"तीन पाकिटं," ती म्हणाली. "मंगळवारी तुम्ही शेडमध्ये होता. दोन्ही डब्यांतलं थोडं थोडं तेल पातेल्यात गरम केलं, त्यात ढवळली आणि दोन्ही डब्यांत निम्मं निम्मं ओतलं."

"अगं, पण का?"

"मला वाटलं सकाळी गाडी सुरूच होणार नाही. दारातच अडेल. घाटात जाऊन थांबेल असं वाटलं नव्हतं हो. देवाशप्पथ. ग्योसाकु आजोबांचे हात निळे पडले तेव्हा मला वाटलं, आता मीच उतरून दरीत जावं."

"मी विचारतोय, का केलंस!"

माझा आवाज चढला होता. ती घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावर मला फक्त थकवा दिसला.

"मला खाली राहायचंय," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"इस्पितळाच्या समोर नगरपालिकेच्या खोल्या आहेत. मी ज्या खाटेवर असते तिथून दिसतात. चार तास मी त्याच बघते. एक बाई तिसऱ्या मजल्यावर टॉवेल वाळत घालते. सुई निघाली की रस्ता ओलांडून झोपायला जाता येईल तिथून. इथं सुई निघाली की दीड तास घाट. घरी आले की उलटी. मग एक दिवस पडून, मग पुन्हा घाट. तुम्हाला माहितीये, मला या घराच्या वासानेच आता मळमळतं? सगळीकडे तळण. माझ्या केसांना तळण. आणि मला त्यातलं एक भजं खायची सोय नाही."

"तूच म्हणाली होतीस ना? घरातून हलवू नका म्हणून?"

"म्हणाले होते. त्या दिवशी म्हणाले होते. तीन वर्षं झाली त्याला. माणूस घाबरला की काय काय बोलतो. तुम्ही तेवढंच धरून बसलात."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू?" पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "तुम्ही पहाटे उठून बर्फात तोट्या फिरवताय. बोटं फुटलीयेत. गावातली माणसं भेटली की म्हणतात, नशीब काढलंस तोमिए, असा नवरा कुणाला मिळतो. आणि मी म्हणू, की हे सगळं नको मला? जीभ रेटत नाही हो."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण तो वर येईपर्यंतच दमला. मी भिंतीला टेकलो.

"मी फार थकलोय गं," मी म्हणालो.

"मीपण," ती म्हणाली.

रविवारी दुपारी गावाच्या सभागृहात बैठक होती. नागामिनेबाई खालून आल्या होत्या. तिशीची मुलगी, नम्र, वाकताना केस तोंडावर येतात. चूल पेटली होती, चहा आणि मुळ्याचं लोणचं फिरत होतं. वीसेक माणसं असतील. कारण सापडलं असेल आणि ते पुन्हा घडणार नसेल, तर बस चालू ठेवू, असं त्यांनी सांगितलं. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. तोमिएचं नाव घ्यायचं नाही. बाकी दोघांची बस माझ्या बायकोपायी बंद पडू द्यायची नाही. बस चालू राहील, तेल मी करत राहीन, तोमिएची खोलीची सोय करू आणि मी खालून वर येत जाईन. एवढं सगळं माझ्या अंगात उरलंय का, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

मी उठलो, कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत वाकलो. "चूक माझी आहे. पावडर लागलेलं पातेलं न धुता मी ते तेलाला वापरलं. दोन दिवस तुमच्या दारात येऊन तुमच्यावर संशय घेतला, त्याची माफी मागतो."

मग ग्योसाकु आजोबांनी चहाचा घोट घेतला. "बघा! आम्हाला तीन वर्षं बाटल्या धुवायला शिकवल्या याने. आणि स्वतःचं पातेलं—"

"पातेलं धुतलेलं होतं," तोमिए म्हणाली.

ती मागच्या भिंतीपाशी उभी होती. बसूनही चाललं असतं, पण ती उभी राहिली. "घरातली सगळी पातेली मी घासते. पावडर मी टाकली. मुद्दाम. मला बस नको झाली होती. तुम्हा दोघांचा जीव जायची वेळ आली माझ्यामुळे. काय म्हणायचं ते मला म्हणा, यांना नको."

चुलीतलं लाकूड तडतडलं. तामोत्सुचं चघळणं थांबलं. मी मान वर न करता खाली बसलो. आता पुढचा शब्द ग्योसाकु आजोबांचा असणार आणि तो सगळ्या गावाच्या तोंडी वर्षभर राहणार, हे मला ठाऊक होतं.

"किती पाकिटं?" त्यांनी विचारलं.

"तीन," तोमिए म्हणाली.

"अगं मग सहा टाकायचीस ना! दारातच अडली असती."

कुणालाच हसायचं कळलं नाही. आजोबांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "माझा मुलगा खाली घर घेऊन तीन वर्षं बोलावतोय. म्हटलं, हा तेलवाला एवढा मरमर मरतोय, गावानं बाटल्या भरल्यात, मी कुठल्या तोंडानं जाऊ? सहाचे तीन झालो. अजून एक गेला तर दोघांसाठी बस कोण चालवणार? किकुनोसाठी येत होतो मी."

किकुनोबाईंनी डोळे विस्फारले. "माझ्यासाठी? अहो, मी तर तुमच्यासाठी येत होते. माझी बहीण इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत असते."

मग मात्र एक विचित्र आवाज सभागृहात पसरला, हसू आणि हुंदका यांच्या मधला. एक आजी पुटपुटल्या, की आमच्याकडे हल्ली तळण होतच नव्हतं, बाटली रिकामी जाऊ नये म्हणून तळायचो. शेजारीण म्हणाली, आम्हीपण.

नागामिनेबाईंनी कागद मांडीवर सरळ केले. "मग मला एवढंच विचारू द्या," त्या म्हणाल्या. "मनातलं सांगा, कुणाला वाईट वाटणार नाही. ही बस चालू राहावी असं कुणाला वाटतं? हात वर करा."

सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. हळूहळू एकेकाची नजर वर आली आणि माझ्याकडे वळली. मला कळेना, हे माझ्याकडे का बघतायत. मग मी बाजूला पाहिलं, तर माझाच हात वर होता. फुटलेल्या बोटांचा, तळणाचा वास येणारा, सबंध सभागृहातला एकुलता एक हात. तो खाली घ्यायला हवा हे मला समजत होतं, पण तो येत नव्हता.

तोमिए भिंत सोडून चालत माझ्यापाशी आली. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला, सावकाश खाली घेतला आणि माझ्या शेजारी बसून तो आपल्या मांडीवर ठेवला.